बारकीचे हातमोजे

बारकीचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. नळ पाचला जायचा, म्हणून. त्याआधी दोन पिंपं भरायची, मग नवऱ्याचा आणि मुलीचा डबा करायचा, आणि पावणेसातला कारखान्याच्या फाटकाशी उभं राहायचं. सातची पाळी होती. बारा वर्षांत दोनदाच ती वेळेवर आत आली नाही. एकदा मुलीला ताप होता. दुसऱ्यांदा पहारेकऱ्याने तिला फाटकावर अडवलं होतं. ही गोष्ट त्या दुसऱ्या वेळेची आहे.

मी तिच्या शेजारच्या टाकीवर होते. एकोणतीस वर्षं बाटल्या धुतल्या, आता घरी आहे. कामचुकार माणूस मला चालत नाही. हे आधीच सांगते, कारण या गोष्टीत मीही हात धुऊन घेतलेत.

आमच्याकडे औषधांच्या कंपन्यांकडून जुन्या काचेच्या बरण्या धुवायला यायच्या. आधी सोड्याच्या गरम पाण्यात भिजवायच्या, मग फिरत्या ब्रशवर धरायच्या, मग साध्या पाण्यातून काढून दिव्यासमोर फिरवून बघायच्या. बरणीच्या गळ्याखाली खांदा असतो, तिथे ब्रश पोचत नाही. तिथे जुनी पूड दगडासारखी बसलेली असते. ती हातानेच काढावी लागते, आणि अरुंद तोंडाच्या बरणीत माझा हात अंगठ्याच्या सांध्याशी अडायचा. सगळ्यांचाच अडायचा. अशा बरण्या आम्ही बाजूला ठेवायचो आणि मुकादम त्या फोडायला पाठवायचा.

बारकी पहिल्या दिवशी आली तेव्हा चोवीस वर्षांची होती. तिचं मनगट माझ्या दोन बोटांत मावायचं. मुकादमाने तिला वरून खालपर्यंत बघितलं. म्हणाला, "ही काय उचलणार? हिलाच उचलून ठेवावं लागेल."

तिने बाजूला ठेवलेल्यातली एक बरणी घेतली, बोटं जुळवली, अंगठा तळव्यात दुमडला आणि हात थेट बुडापर्यंत घातला. खरवडून, धुऊन, दिव्यासमोर धरून त्याच्या हातात दिली. आरशासारखी लख्ख. त्या दिवसापासून ती बारकी. फोडायला जाणाऱ्या बरण्या तिच्याकडे जायला लागल्या. पाळीला चाळीस बरण्या, वर तिचं रोजचं काम वेगळं. तिच्या हातामुळे कारखान्याचं किती वाचलं असेल याचा हिशोब कुणी केला नाही. तिच्या हातमोज्यांचा मात्र ठेवला.

रबराचे हातमोजे स्टोअरमधून मिळायचे. नियम असा की फाटका जोड जमा करायचा, मग नवा मिळायचा. प्रत्येकीचं एक कार्ड होतं. तारीख, मोज्याचा नंबर, सही. बारकीचा नंबर साडेसहा, सगळ्या पाळीत सगळ्यात लहान. चार वर्षं साडेसहाच होता. मग ती सात मागायला लागली. मग साडेसात. स्टोअरवाला जाळीआडून कार्ड बघायचा आणि भुवया चढवायचा.

आठ नंबर मागितला त्या दिवशी मी तिच्या मागे रांगेत होते.

"आठ?" तो म्हणाला. "गेल्या वर्षी साडेसात नेलेस."

"तंग होतात हो. अंगठ्याशी फाटतात. बघा ना, प्रत्येक जोड तिथेच फाटलाय."

"मोठ्या माणसाचा हात वाढत नाही, बाई. घरी कुणासाठी नेतेस?"

"कुणासाठी नेऊ? नवरा छापखान्यात आहे. मोजे त्याला नेऊन दिले असते तर त्याचे हात शाईने असे काळे राहिले असते का?"

रांगेतल्या बायका हसल्या. मीही हसले. स्टोअरवाल्याने आठ नंबरचा जोड दिला आणि कार्डावर लाल पेनाने गोल केला.

त्याच सुमाराला तिने अरुंद बरण्या परत बाजूला ठेवायला सुरुवात केली. आधी दोन-चार. मग दहा. मग सगळ्या. मला ते खुपलं. तिच्या बरण्या मुकादम आमच्यात वाटायला लागला होता आणि आमच्याने त्या होत नव्हत्या.

"हात जात नाही, ताई," ती म्हणाली.

"जात नाही की घालत नाहीस?"

हे मी म्हणाले. बाकी कुणाच्या तोंडी घालणार नाही. तिने एक बरणी घेतली, माझ्यासमोर हात घातला, आणि जोर केला. हात अडकला. काढताना अंगठ्याच्या मुळाशी कातडी सोलली. मी म्हणाले, "नाटकं पुरे." आणि माझ्या टाकीकडे वळले.

मोज्याचं माप वाढायला लागल्यापासूनच्या आठ वर्षांत तिच्या अंगावर जे काय झालं, ते लपलेलं नव्हतं. रोज आमच्यासमोर उभं होतं. नाक रुंद झालं. खालचा जबडा पुढे आला, समोरच्या दातांत फटी पडल्या. ओठ जाड, जीभ जाड. आवाज घोगरा झाला. तिची नणंद सगळ्यांसमोर म्हणायची, "वहिनी, यापुढे वसुलीवाल्याचा फोन तुम्हीच उचला. दादापेक्षा तुम्हालाच घाबरेल." थंडीतही तिचा ब्लाउज पाठीवर भिजलेला असायचा. घोरण्यापायी नवरा पांघरूण घेऊन पुढच्या खोलीत गेला. तो चांगला माणूस, त्याने तेही हसण्यावारी नेलं. म्हणाला, "छापखान्याचं मशीन परवडलं, त्याला निदान सुट्टी असते." लग्नातली अंगठी बोटात रुतली, ती सोनाराकडून कापून काढली. चपला दरवर्षी लहान व्हायच्या. शेवटी ती नवऱ्याचे जुने सँडल घालून कामावर यायला लागली, आणि त्यातूनही टाच बाहेर. बत्तिसाव्या वर्षी मासिक पाळी बंद झाली. दवाखान्यातली बाई म्हणाली, काहींची लवकर जाते. सकाळ-संध्याकाळ डोकं ठणकायचं. बोटांना रात्रभर मुंग्या.

प्रत्येक गोष्ट तिने कुणाला ना कुणाला सांगितली. नणंदेला एक, सोनाराला एक, दवाखान्यातल्या बाईला एक, मला एक. ज्याने त्याने आपापला तुकडा ऐकला आणि सोडून दिला.

कारखान्याचा डॉक्टर गुरुवारी यायचा. त्याने रक्त तपासलं, साखर निघाली. म्हणाला, "जाडी वाढलीय. गोड बंद करा. रोज चालत जा."

चालत जा! आठ तास टाकीशी उभी असलेल्या बाईला. आणि जाडी कुठे होती? पोट होतं तसंच होतं. वाढले होते हात, पाय आणि चेहरा. जाड माणसाचा जबडा पुढे येतो का? रक्तदाब मोजायला त्याने तिचा हात आपल्या हातात धरला होता. धरला, पट्टा गुंडाळला, आकडा लिहिला आणि सोडला. हाताकडे बघितलं नाही. पुढच्या तीन वर्षांत साखरेच्या गोळ्या तीनदा वाढवल्या. दर वेळी तिलाच दटावलं, "तुम्ही पथ्य पाळत नाही." ती चहासुद्धा बिनसाखरेचा पीत होती. मी शेजारी बसून बघत होते.

मग ती गोष्टींवर आदळायला लागली. बरण्यांची ढकलगाडी घेऊन निघाली की बाजूच्या खांबाला धडकवायची. एकदा पूर्ण खेप फुटली. मुकादम ओरडला, "आंधळी आहेस का?" ती काच गोळा करत राहिली. या प्रश्नाचं उत्तर खरंच शोधायला हवं होतं, हे त्याला कळलं नाही. आम्हालाही नाही.

आणि मग फाटक. जुना पहारेकरी गेला, नवा आला. नवीन माणूस, नवीन कडकपणा. सकाळी सातच्या पाळीला तो प्रत्येकीचं ओळखपत्र चेहऱ्याशी धरून बघत होता. बारकीच्या कार्डावर बारा वर्षांपूर्वीचा फोटो. त्याने एकदा फोटो बघितला, एकदा तिला बघितलं.

"हा फोटो तुमचा नाही."

"माझाच आहे."

"बहिणीचा आहे का? कुणाच्या कार्डावर कामाला येता?"

मागे रांग खोळंबली. कुणीतरी खिदळलं. मुकादमाला बोलावलं. बारा वर्षं तिला रोज बघणारा माणूस. त्याने नुसतं "ही आमचीच" म्हटलं असतं तर विषय संपला असता. पण बरण्या होत नव्हत्या, खेप फुटली होती, त्याला ती नकोच होती. त्याने हात वर केले. "ऑफिस काय ते बघेल."

ऑफिसने बघितलं. आरोप तीन. एक, मोठ्या मापाचे हातमोजे काढून बाहेर विकणं. दोन, माल फोडणं. तीन, नेमून दिलेलं काम टाळणं. पंधरा दिवसांनी चौकशी, तोवर कामावर यायचं नाही. पहिल्याला पुरावा हातमोज्यांचं कार्ड. दुसऱ्याला मुकादम. तिसऱ्याला साक्षीदार लागत होता. मुकादम कागद घेऊन माझ्याकडे आला. 'सदर कामगार अरुंद तोंडाच्या बरण्या बुद्ध्या बाजूला ठेवते.' मी सही केली. डोळ्यांनी बघितलं ते खरं आहे, असं मला वाटलं. 'बुद्ध्या' हा शब्द मी वाचला होता. मी तो खोडला नाही.

दोन दिवसांनी ती माझ्या घरी आली. हातात आरोपांची प्रत. भांडायला आली असेल म्हणून मी दाराशीच उभी राहिले.

"ताई, ही सही तुमची आहे?"

"आहे."

"बरं." एवढंच म्हणाली आणि वळली. वळताना तिचं कपाळ उघड्या दाराच्या कडेवर आदळलं. दार तिच्या शेजारीच होतं, हातभर अंतरावर. दिवसाचे अकरा वाजले होते, खोलीत लख्ख उजेड होता. ती कपाळ चोळत म्हणाली, "हे हल्ली असंच होतं. कडेचं कुणीतरी खाऊन टाकल्यासारखं."

मी तिचा हात धरला. आठ वर्षांत पहिल्यांदा धरला. तो माझ्या हातात मावेना. बोटं फावड्यासारखी, तळवा जाड, ओलसर. बारकीचा हात. मी चप्पल घातली आणि तिला तशीच कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानात नेली.

चष्मेवाला म्हातारा होता. त्याने तिला अक्षरं वाचायला लावली. समोरची तिने बरीचशी वाचली. मग त्याने खुर्ची तिच्यासमोर ओढली, तिचा एक डोळा तळहाताने झाकला आणि म्हणाला, "माझ्या नाकाकडे बघायचं. नाकावरून नजर हलवायची नाही. बोटं किती?"

"कुठली बोटं?"

त्याने बाजूला धरलेला हात हळूहळू आत आणला. बराच आत आल्यावर ती म्हणाली, "दोन." दुसरा डोळा, दुसरी बाजू, तसंच. म्हाताऱ्याने चष्म्याची पेटी मिटली.

"दोन्ही बाजूंनी पडदा ओढलाय. काचेनं हा उघडणार नाही. मोठ्या हॉस्पिटलात जा, उद्याच जा. थांबलात तर उरलेलंही जाईल." चिठ्ठी लिहून दिली. चष्मा विकायला बसलेला माणूस, त्याने चष्मा विकला नाही. सगळ्या प्रकरणात आपलं काम नीट केलेला हा पहिला माणूस.

हॉस्पिटलात तिचा नवरा आणि मी बरोबर होतो. डोळ्यांच्या खिडकीवरून तिसऱ्या मजल्यावर पाठवलं, ग्रंथींच्या विभागात. चार तास बाकावर. आत एक तरुण डॉक्टरीण होती. तिने बारकीला दारातून आत येताना बघितलं आणि पेन खाली ठेवलं. आधी हात मागितला. दोन्ही हात उलटसुलट करून बघितले. मग जीभ, दात, मानेवरचे लोंबणारे तीळ.

"चपलेचं माप वाढलंय?"

"हो."

"अंगठी?"

"कापली."

"घाम? घोरणं? डोकं दुखतं? पाळी?"

बारकी प्रत्येकाला हो म्हणत गेली. पाचव्या-सहाव्या 'हो'ला तिचा घोगरा आवाज चढला. "हे सगळं मी सांगितलंय! एकूण एक! मलाच बोलणी बसली."

"माझ्यावर चिडा, चालेल," डॉक्टरीण म्हणाली. "तुमचा जुना फोटो आहे का? आठ-दहा वर्षांपूर्वीचा?"

"आहे. पण तो माझा नाही म्हणतात."

तिने आरोपांचे कागद काढून टेबलावर आपटले. वरच ओळखपत्राची प्रत. डॉक्टरीणबाईंनी ती तिच्या गालाशी धरली आणि बघत राहिल्या. मग पान उलटलं.

"हे काय?"

"मी चोर असल्याचा पुरावा."

साडेसहा, साडेसहा, साडेसहा, सात, साडेसात, आठ, साडेआठ, नऊ. प्रत्येकापुढे तारीख आणि सही. डॉक्टरीणबाईंनी बोट ठेवून खालपर्यंत वाचलं. "कुणी लिहिलं हे?"

"स्टोअरवाल्यानं. तो म्हणाला, मोठ्या माणसाचा हात वाढत नाही."

"बरोबर म्हणाला. वाढत नाही. म्हणूनच वाढला की लगेच डॉक्टरकडे पाठवायचं असतं." त्यांचा आवाज शांत होता, पण कान लाल झाले होते. "मेंदूच्या खाली वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. तिच्यात गाठ आली की ती शरीराला वाढ, वाढ असं सांगत सुटते. उंची वाढायचं वय गेलेलं असतं, म्हणून हात, पाय, जबडा वाढतो. साखरही त्यामुळेच चढते. गाठ मोठी झाली की वरच्या डोळ्यांच्या नसा दाबते. कडेचं दिसत नाही ते त्यामुळे."

"म्हणजे पथ्य..." नवरा म्हणाला.

"पथ्याचा दोष नाही. नुसत्या साखरेवर गोळ्या देत बसले, आणि साखर कुठून आली ते कुणी विचारलं नाही."

नवरा खाली बघत होता. म्हणाला, "मी थट्टा करत होतो."

मग तपासण्या. त्या ग्रंथीतून रक्तात सुटणारा वाढीचा रस मोजला. ग्लुकोजचं पाणी पाजून दर अर्ध्या तासाने रक्त काढलं. निरोगी माणसात ते पाणी प्यायल्यावर वाढीचा रस खाली जातो, तिचा गेला नाही. डोक्याच्या फोटोत गाठ दिसली, बोराएवढी. ऑपरेशन नाकातून करायचं ठरलं. तारीख मिळाली ती चौकशीनंतर आठवड्याची. डॉक्टरीणबाईंनी पत्र लिहिलं आणि त्याला हातमोज्यांच्या कार्डाची प्रत टाचली, तीच, लाल गोलासकट.

चौकशीला तीन माणसं टेबलामागे बसली होती. मी उभी राहून सांगितलं की माझी सही मागे घेते, हात जात नव्हता, मी खोटं लिहून दिलं. साहेबांनी विचारलं, "मग तेव्हा सही का केली?"

"डोकं चालवलं नाही म्हणून. तुम्ही का लावून घेतलीत, तेही लिहा."

ते लिहिलं नाही. पत्र वाचलं, एकमेकांकडे बघितलं, आरोप मागे घेतले. माफीचा एक शब्द नाही. उलट सूचना केली की कामावर परत येताना नवीन फोटो काढून आणावा, स्वतःच्या खर्चाने. मुकादम बाहेर पडताना तिला म्हणाला, "आधी सांगायचं ना गं."

बारकी थांबली. दोन्ही पंजे त्याच्या तोंडासमोर धरले.

"आठ वर्षं काय दाखवत होते मग?"

ऑपरेशन झालं. पहिला थांबला तो घाम, चार दिवसांत. उजव्या डोळ्याची कड पूर्ण परत आली, डाव्याची अर्धी. आणखी वर्षभर उशीर झाला असता तर काय, हे मी डॉक्टरीणबाईंना विचारलं होतं. त्यांनी सांगितलं ते मी बारकीला अजून सांगितलेलं नाही. साखरेच्या तीन गोळ्यांची एक झाली. कारखान्याच्या डॉक्टरने ती कमी झालेली बघितली आणि म्हणाला, "बघा, पथ्य पाळलं की होतं." मी तेव्हा तिथे असते तर नोकरी माझी गेली असती.

सूज उतरली तशी बोटं थोडी बारीक झाली. मोजे नऊचे साडेआठ. हाडं मात्र वाढली ती वाढली. जबडा तसाच, पाय तसेच. गाठीचा थोडा भाग काढता आला नाही, त्यासाठी महिन्याला एक इंजेक्शन हॉस्पिटल देतं. अरुंद बरण्या पुन्हा फोडायला जायला लागल्या. ती दिव्यासमोर तपासायला बसते. डावीकडचं बघायला मान वळवते, पण तिच्या हातून डागाची बरणी पुढे जात नाही. मी निवृत्त झाले त्या दिवशीही तिने माझ्या दोन परत पाठवल्या. बरोबर पाठवल्या.

कामावर परतल्यावर पहिला पूर्ण पगार हातात आला, तेव्हा तिने मला सोबत बोलावलं. मला वाटलं सोनाराकडे जायचं असेल, अंगठी जोडायला. ती चांभाराच्या दुकानात शिरली. तयार जोड नको, माप देऊन बूट करायचे म्हणाली. चांभाराने जमिनीवर जाड कागद पसरला, कानामागची पेन्सिल काढली आणि तिच्या मागे दाराकडे बघितलं.

"माप कुणाचं? साहेब येतायत का?"

तिने नवऱ्याचे सँडल काढून बाजूला सारले आणि कागदावर पाय ठेवला.

"माझं," ती म्हणाली. "दोन्ही पायांचं घ्या. डावा जरा मोठा आहे."